उसना अंगठा

हाडाच्या वेदनेस वय नसते, आणि सुट्टीही नसते. ही कथा टाचेच्या एका लहानशा हाडाची आहे. परंतु तिचा आरंभ हाडापासून न होता एका अंगठ्यापासून झाला, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

वेंगुर्ल्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, काजूचा एक कारखाना होता. जगात यंत्रमानव आले, विनाचालकाच्या मोटारी आल्या, तथापि काजूची बी फोडण्याचे काम आमच्या भागात बायकांच्याच हाती राहिले. कारण यंत्र बी फोडताना गराचे दोन तुकडे करी, आणि बाजारात मान होता तो अख्ख्या गराला. बाईने डाव्या हाताने बी पात्यांत धरायची, उजव्या हाताने दांडा ओढायचा आणि त्याच क्षणी उजव्या पायाने पेडल दाबायचे. सकाळी बसलेली बाई दिवेलागणीस उठे तेव्हा तिची उजवी टाच तिची राहिलेली नसे.

बी फुटताना टरफलातले तेल उडते. ते तेल कातडी जाळते. हातमोजे घातले तर बी बोटांना कळत नाही, म्हणून बायका खोबरेल लावून वर चुलीतली राख चोळत आणि कामाला बसत. एवढे करूनही दोन-तीन हंगामांत अंगठ्यावरच्या रेषा नाहीशा होत, आणि अंगठा धुतलेल्या बशीसारखा गुळगुळीत होई.

दर्शना धुरी ही लग्न होऊन या गावी आली तेव्हा ती अवघी बावीस वर्षांची होती. तिचा पती विश्राम हा गोव्यात बोटीवर कामाला असे. घरी सासू प्रभावती होती, तिला दर्शना ‘आये’ म्हणे. आयेने आपल्या उमेदीची सारी वर्षे त्याच कारखान्यात बी फोडली होती. पुढे दम्याने तिने काम सोडले आणि आपले बाकडे सुनेला दिले. कारखान्याचा रिवाजच तसा होता: बाकडे घराचे असे. घरातील कोणी त्यावर बसले नाही, तर ते दुसऱ्या घरास जाई.

वर्षभरातच दर्शनाची टाच दुखू लागली. सकाळी पाय जमिनीवर टेकला की खिळा शिरल्यासारखी कळ मस्तकापर्यंत जाई. टाचेच्या हाडाला खाली काट्यासारखी वाढ झाली होती. तो रोग जीवघेणा नव्हता. परंतु पेडल थांबले की बाकडे जाणार, एवढे खरे होते.

त्याच सुमारास कारखान्याच्या आवारात किरणशेकाचे यंत्र आले.

या यंत्राचे शास्त्र असे. कर्करोगावर जे क्ष-किरण फार मोठ्या मात्रेत सोडतात, तेच अगदी अल्प मात्रेत दुखऱ्या हाडावर सोडले असता तेथील सूज शमते आणि वेदना थांबते. रोगट भागात धावून आलेल्या पेशी त्या किरणांनी शांत होतात, जणू भांडणात शहाणा माणूस मध्ये पडावा. ही युक्ती जुनीच होती. नवे एवढेच की यंत्र आता शिवणयंत्राएवढे लहान झाले होते आणि डॉक्टरावाचून चालत होते. मात्र किरण जाताना पेशींच्या आतील गुणसूत्रावर बारीक चरे पाडून जातात. बहुतेक चरे शरीर भरून काढते. एखादा चुकीचा सांधला जातो, आणि तो पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होऊन वर येऊ शकतो. चाळिशी उलटलेल्या माणसास हा धोका फारच थोडा, कारण चऱ्याला पिकायला आयुष्यच उरत नाही. तरुण हाडास तो कितीतरी अधिक. म्हणून यंत्रास दोन बंधने घातली होती: चाळिशीच्या आतील कोणास शेक द्यायचा नाही, आणि एका माणसास आयुष्यात सहा-सहा शेकांच्या दोन फेऱ्यांहून अधिक द्यायचा नाही. माणूस कोण, हे यंत्र अंगठ्यावरून ओळखी. त्या काळी संगणक चेहऱ्याची व आवाजाची हुबेहूब नक्कल करू लागले होते, त्यामुळे सरकारचा विश्वास उरला होता तो फक्त अंगठ्यावर.

आणि काजू फोडणाऱ्या बाईला अंगठाच नव्हता.

“ओळख पटत नाही,” यंत्र बोलले.

“पुन्हा दाब गो वैनी. फडक्यान पूस,” गुरुनाथ म्हणाला. हा गुरुनाथ यंत्रावर बसवलेला मदतनीस होता. त्याचे काम बटण चालू करणे आणि रांगेतील बायकांची थट्टा करणे.

“सकाळपासून पुसतंय. आता काय कातडी काढू?”

“काढलंस तरी खाली रेषा नाय. आणि पटली असती तरी तुका कोण घेतलो? वय बघ तुझा. मशीन म्हणतला, चेडवा, घराक जा.”

रांगेतल्या बायका हसल्या. दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा तिला सोबत म्हणून आलेली आये कठड्यावरून उठली. काम सोडून तिला काही काळ लोटला होता, नवी कातडी आली होती, आणि कातडीबरोबर रेषाही परतल्या होत्या.

“गुरुनाथा, माझो आंगठो चलात?”

“तुझो? तुझो पळात काकी. पण टाच खंय दुखता तुझी?”

“माझ्या सुनेची दुखता, म्हणजे माझीच दुखता. दाबू खंय ता सांग.”

आयेने अंगठा टेकला. यंत्र मंजुळ स्वरात म्हणाले, “नमस्कार, प्रभावती धुरी. वय अठ्ठेचाळीस. पूर्ण मात्रा मंजूर.” आणि पडद्याआड दर्शनाने आपली तेवीस वर्षांची टाच यंत्राखाली ठेवली.

सहाव्या शेकानंतर ती पाय न लंगडता घरी आली. आयेने त्या दिवशी रस-शेवया केल्या.

पुढे गावात हा रिवाजच पडला. जशी शेजारणीकडून विरजणाला दह्याची कवडी आणावी, तसा काम सोडलेल्या बाईचा अंगठा आणावा. सासूच्या दोन फेऱ्या संपल्या की चुलतसासूच्या, तिच्याही संपल्या की वाडीतल्या चंद्रावती मावशीच्या. दर हंगामाच्या तोंडी दर्शनाची टाच कुणा ना कुणा वृद्धेच्या नावाने शेकली जाई. या व्यवहारात कोणी एक पैसा मागितला नाही. अंगठा नाकारणारी सासू निर्दय ठरे. सदर पापात लोभ यत्किंचितही नव्हता, निखळ माया होती. आणि मायेविरुद्ध कोणतेही यंत्र बंदोबस्त करू शकत नाही.

वीस वर्षे गेली.

दर्शनाची मुलगी पूर्वा बारावीला बसली, त्या वर्षी दर्शनाच्या टाचेत गाठ आली. ती हाडाच्या कर्करोगाची निघाली. मुंबईस नेऊन पाय गुडघ्याखाली कापला. परत आली तेव्हा तिच्या कुबड्यांचा आवाज वाडीभर ऐकू जाई, आणि बायका तो आवाज आला की पाणी भरता भरता गप्प होत. त्याच वर्षी वाडीत आणखी तिघींना तोच रोग निघाला. कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितले की हा टरफलाच्या तेलाचा परिणाम असावा.

बाकडे रिकामे पडू नये आणि नातीची परीक्षाही बुडू नये म्हणून अडुसष्ट वर्षांची आये दमा घेऊन पुन्हा पेडलवर बसली. एक अख्खा हंगाम तिने काढला. परीक्षा होताच पूर्वाने आजीला उठवले आणि स्वतः बसली.

त्यानंतर एके दिवशी दुपारी डॉ. मुक्ता देवस्थळी धुऱ्यांच्या अंगणात उतरल्या.

मुक्ताबाईंनी ठसामापक नावाचे उपकरण शोधले होते. किरणांनी पडलेला चरा आणि तेलाने, धुराने किंवा म्हातारपणाने पडलेला चरा एकसारखा नसतो. कुऱ्हाडीने तोडलेले लाकूड व वाळवीने खाल्लेले लाकूड सुतारास जसे निरनिराळे ओळखू येते, तसेच हे. रक्ताच्या थेंबावरून आणि हाडाच्या कणावरून ठसामापक सांगे की या माणसाने किती किरण घेतले, कोणत्या वयात घेतले, आणि याचा कर्करोग त्यातूनच झाला की नाही. हे उपकरण मान्य झाले, तर शेकाचा खरा हिशेब प्रथमच जगापुढे येणार होता. त्याची अंतिम कसोटी म्हणून सरकारी समितीने याच गावाची निवड केली आणि येथील बायकांचे नमुने नेले. कारण एवढे शेक एका जागी अन्यत्र कोठेही दिले गेले नव्हते.

“आणि तुमच्या गावाने माझं उपकरण खोटं पाडलं,” मुक्ताबाई ओट्यावर बसत म्हणाल्या. त्यांचा स्वर रागाचा नव्हता, थकलेला होता. “यंत्राच्या दप्तरी ज्या बायकांनी शेक घेतले, त्यांच्या हाडांत एकही चरा नाही. आणि दर्शनाताई, तुम्ही आयुष्यात एकदाही शेक घेतला नाही असं दप्तर म्हणतं. तुमच्या हाडात मात्र शेतात नांगर फिरावा तसे चरे आहेत. तेविसाव्या वर्षापासूनचे. समिती मला हसते आहे. म्हणते, बाई, तुमचा आरसा उलटा आहे.”

दर्शनाने आयेकडे पाहिले. आये सुपातले तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“मग काय होईल?” पूर्वाने विचारले.

“ठसामापक रद्द होईल. त्याहून वाईट म्हणजे याच आकड्यांवरून समिती लिहील की शेकाने कोणालाही काही झालं नाही. मग वयाची अट अठरावर आणतील. तशी मागणी केव्हाचीच आहे.” मुक्ताबाईंनी पूर्वाच्या पायांकडे पाहिले. “तू कुठे काम करतेस?”

“आवशीच्या बाकड्यार,” पूर्वा म्हणाली.

तेव्हा दर्शनाने कुबडी भिंतीला टेकवली आणि सर्व हकिगत सांगितली. पहिल्या दिवसापासून, नावांसह. मुक्ताबाई ऐकत गेल्या तसा त्यांचा हात कपाळावर गेला आणि तेथेच राहिला.

“रोग्याची स्वतःची साक्ष समिती धरत नाही. एका आजींनी जरी समितीपुढे सांगितलं, की अंगठा माझा होता पण टाच माझी नव्हती, तरी पुरे. मग बाकीच्या तपासता येतील. समिती परवा बसते आहे.”

“आये सांगतली,” दर्शना म्हणाली.

“आये काय एक सांगूची नाय,” आये सूप खाली ठेवून म्हणाली. “खोटो आंगठो दिलो म्हटल्यार नाव काढून टाकतत. रेशन बंद, पेन्शन बंद. आनी चंद्रावती, ती सगळी... तेंका मी पोलिसात देव?”

“आये, चौघींचे पाय गेले.”

“माका दिसतत. आंधळी नाय मी.” तिचा श्वास लागला. “तू रडत होतंस म्हणून दिलंय. मिया आंगठो दिलंय गो, मराण नाय दिलंय. आता सगळ्यांफुडे सांगू, की सुनेक मियाच खाल्लंय?”

मुक्ताबाईंनी चहा तसाच ठेवला आणि नमस्कार करून निघून गेल्या. त्या दिवशी दर्शना कुबड्या घेऊन वाडीतल्या घरोघरी फिरली. चंद्रावती मावशीने दारातूनच हात जोडले. “बाय माझे, तुका काय व्हया ता माग, पण ह्या नको. माझ्या झिलाची नोकरी सरकारी आसा.” एका घरात तर तिला पाहून दाराची कडी आतून लागली. त्याच घरातील म्हातारीने पूर्वी दोन हंगाम तिला अंगठा दिला होता.

परतताना ती पाणंदीत थांबली तेव्हा समोरून आये येत होती. हातात चपला, डोक्यावर पदर.

“लोकांच्या दारात कित्याक जातंस?” आये म्हणाली. “तुझो पाय गेलो. आता नातीचो जाव देवचंय नाय. मी सांगतंय. पेन्शन गेला तर गेला. पेज खाया.”

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या सेवाकेंद्रात पडद्यावर समितीचे पाच सभासद दिसू लागले. पडद्यापुढे, केंद्रातच, मुक्ताबाई उभ्या होत्या. आयेने लग्नातले लुगडे नेसले होते. दर्शना व पूर्वा तिच्या दोन्ही बाजूंस होत्या. केंद्रावर मदतनीस म्हणून गुरुनाथच होता. शेकाचे यंत्र आता मदतनिसावाचूनही चाले, म्हणून त्याला येथे बसवले होते. त्याचे केस पिकले होते.

“साक्षीपूर्वी अंगठा,” तो हळूच म्हणाला.

आयेने अंगठा टेकला.

“ओळख पटत नाही,” यंत्र बोलले.

तिने अंगठा पदराला पुसला आणि पुन्हा टेकला. मग डाव्या हाताचा टेकला. मग एकेक करून सगळी बोटे. दर्शनाने तिचा हात स्वतःच्या हातात घेऊन उजेडात धरला, आणि तिच्या ध्यानात आले. नातीच्या परीक्षेसाठी काढलेला तो एक हंगाम. रेशन पूर्वाच्या अंगठ्यावर येई आणि पेन्शन वर्षातून एकदाच तपासत, म्हणून वर्षभरात कोणाच्या लक्षातच आले नव्हते. म्हातारपणाची कातडी पातळ. तेलाने ती एका हंगामातच पुसून नेली होती.

“रेषा येतीत परत,” आये पडद्यावरील माणसांकडे पाहून म्हणाली. “माका ठावक आसा. हिवाळ्यापर्यंत येतीत. थांबा तुमी.”

पडद्यावरील एक सभासद घड्याळाकडे पाहत म्हणाला, “ओळख न पटलेल्या व्यक्तीचे म्हणणे समितीस ग्राह्य धरता येत नाही. डॉक्टर देवस्थळी, आपल्याकडे दुसरा साक्षीदार आहे काय?”

गुरुनाथ वाकून कुजबुजला. त्याला खरोखरच मदत करायची होती. “काकी, पूर्वाचो आंगठो लावया. बोल तू, नाव तिचा जायत. आपण आदी नाय काय केला?”

“तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता, गुरुनाथ!” मुक्ताबाई म्हणाल्या.

“मशीन खंय तेवढा बघता, मॅडम?”

मुक्ताबाईंनी पूर्वाच्या अंगठ्याकडे पाहिले. दर्शनास ते दिसले. वीस वर्षांचे संशोधन डोळ्यांपुढे बुडत असताना शहाण्या बाईसही तो मोह झाला. पूर्वाने हात पुढे केलाही होता. दर्शनाने तिचे मनगट धरून खाली ओढले.

“आंगठो देव नको,” ती म्हणाली. “कोणाक देव नको.”

पडदा काळा झाला.

समितीचा अहवाल त्या महिन्याअखेर आला. ठसामापक अविश्वसनीय ठरला. किरणशेक निर्धोक ठरला; वयाची अट अठरावर आली व दोन फेऱ्यांची मर्यादा उठली. मुक्ताबाई परदेशी निघून गेल्या असे कळले. हिवाळ्यात आयेच्या रेषा खरोखरच परत आल्या. ती कोणास न सांगता एकटीच सेवाकेंद्रात गेली आणि अंगठा टेकून उभी राहिली. यंत्राने तिला नावानिशी नमस्कार केला आणि सांगितले की या विषयावरील साक्षी घेणे बंद झाले आहे.

कारखान्यात नवे यंत्र आले. ते अंगठ्याच्या रेषांवरून ओळख तर पटवीच, शिवाय अंगठ्यातील नाडी आणि टाचेतील नाडी एकाच वेळी मोजी, आणि दोन्हींचा ठोका एक असेल तरच किरण सोडी. उसन्या अंगठ्याचा रिवाज त्या दिवशी संपला. वीस वर्षे उशीर झाला होता.

दर्शनाच्या छातीत आता दुखू लागले होते. रोग फुप्फुसात गेल्याचे तिला सांगितले होते. ते तिने घरी सांगितले नव्हते.

“टाच दुखता,” पूर्वा एका सकाळी पेज पिताना म्हणाली. “सोमवारी शेकाक जातंय.”

“जाव नको.”

“पेपरात इला आसा, आई. धोको नाय म्हणान. डॉक्टर सांगतत तुझा ता तेलाचा.”

“तुझ्या समोर सगळा झाला. तुझ्या डोळ्यांफुडे.”

“झाला. मगे काय करू? पाय दुखलो म्हणान घरात बसू? पेडल कोण मारतलो? तू?”

शब्द तोंडून गेल्यावर पूर्वाने मान खाली घातली. दर्शनाच्या साडीचा उजवा घोळ पायरीवर रिकामा पडला होता. कोंबडी येऊन तो टोचून गेली.

कामास जाण्यापूर्वी आईने मुलीच्या हातांना राख लावायची, हा त्या घरचा नित्यक्रम होता. आयेने दर्शनास लावली होती, दर्शना पूर्वास लावी. पूर्वाची बोटे अद्याप कोवळी होती. त्या राखेमुळे हंगाम अर्धा सरला तरी अंगठ्यावरच्या रेषा शाबूत होत्या; राखेवाचून त्या चार दिवसही टिकल्या नसत्या. तिने सवयीने दोन्ही हात पुढे केले.

दर्शनाने ते हात आपल्या मांडीवर घेतले. उजवा अंगठा उलटा करून तिने बराच वेळ पाहिला. रेषा एकीभोवती एक फिरत गेल्या होत्या, ओढ्यात भोवरा पडावा तशा. मग तिने हात सोडून दिले.

“राख सोपली,” ती म्हणाली.

पूर्वाने चुलीकडे पाहिले. चुलीत कोपरभर राख होती, वरून अजून धुगधुगत होती. खोबरेलाची वाटी जवळच भरलेली होती. तिने आईकडे पाहिले. दर्शना नजर न वळवता बसून राहिली. पूर्वाचे हात काही वेळ तसेच अधांतरी राहिले. नंतर पुसण्यासारखे काहीच नसताना तिने ते ओढणीस पुसले, आणि ती लंगडत पायऱ्या उतरून गेली.

अंगणातून आयेने हे पाहिले.

“गो, राख लाव तेका!” ती ओरडली. “हात जळतीत चेडवाचे!”

“जळांदेत, आये,” दर्शना म्हणाली.